गिझर थंडीतच का रुसतो

नागपूरच्या माणसाला गरम पाण्याची गरज वर्षातून फार तर तीन महिने. मे महिन्यात दुपारी नळ सोडला तर गच्चीवरच्या काळ्या टाकीतून उतरणारं पाणी हाताला चटका देतं. कित्येक घरांत त्या दिवसांत बंद गिझरचा उपयोग उलटाच करतात: सकाळचं गार पाणी त्यात भरून ठेवायचं आणि दुपारी तोंड धुवायला काढायचं. टाकीभोवतीचा फोम उष्णता आत कोंडतो, तशी बाहेरही थोपवतो. याच शहराचा पारा मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांवर चढला होता आणि २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे ३.५ अंशांपर्यंत उतरला. समुद्र दूर, हिवाळ्यात हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसभर जमिनीने घेतलेली उष्णता रात्री आकाशाकडे निघून जाते, आणि उत्तरेचं वारं सुटलं की उरलीसुरली ऊबही जाते. सर्वांत थंड वेळ सूर्योदयाच्या सुमाराची. शाळेत आणि ऑफिसात जाणाऱ्यांच्या आंघोळीची वेळही नेमकी तीच.

त्यामुळे डिसेंबर उजाडला की इलेक्ट्रिशियनचे फोन वाजू लागतात. पाणी पुरेसं तापत नाही, एक बादली झाली की गार येतं, फार वेळ लागतो, झडपेतून पाणी ठिबकतं, मध्येच बटण पडतं. माझं म्हणणं असं, की यातल्या बऱ्याच तक्रारींचं उत्तर यंत्रात शोधण्याआधी पाण्यात शोधावं: ते कुठून येतं, किती थंड येतं आणि येताना सोबत काय घेऊन येतं. जे बिघाड खरोखर यंत्राचे असतात, त्यांतले काही जिवावर बेतणारे असतात. म्हणूनच दोन्ही वेगळे ओळखता आले पाहिजेत.

आधी थोडं गणित करू. घरोघरी दिसणारा गिझर १५ लिटरचा आणि २ किलोवॅटचा असतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. ऑक्टोबरात टाकीतलं पाणी २७ अंशांचं असेल तर ते ६० अंशांपर्यंत न्यायला साधारण १७ मिनिटं पुरतात. थंडीच्या पहाटे तेच पाणी १५ अंशांचं असलं तर २३-२४ मिनिटं लागतात. यात गिझरची चूक काही नाही, तो तेवढ्याच जोमाने काम करतो आहे.

खरा फटका त्याच्या पुढे बसतो. ६० अंशांचं पाणी कुणी अंगावर घेत नाही, आपण त्यात गार पाणी मिसळून ते ४० अंशांच्या आसपास आणतो. ऑक्टोबरात १५ लिटर गरम पाण्यात २७ अंशांचं पाणी मिसळलं तर आंघोळीजोगं ३८ लिटर होतं, म्हणजे २० लिटरच्या जवळपास दोन बादल्या. १५ अंशांचं मिसळलं तर जेमतेम २७ लिटर, म्हणजे बादली-सव्वा बादली. तापायला जास्त वेळ आणि पुरायला कमी, असा दुहेरी मार बसतो. चार माणसांच्या घरात तिसऱ्याला गार पाणी आलं तर कॉइल जळाली असं समजायचं कारण नाही. दोन आंघोळींच्या मध्ये वीस-पंचवीस मिनिटं सोडली की तक्रार मिटते.

विजेचा दाबही पाहावा. कॉइलची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टऐवजी २०० मिळाले तर दाब फक्त १३ टक्क्यांनी घटतो, पण २ किलोवॅटची कॉइल दीड किलोवॅटवर येते आणि ते २३ मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं. शेतांना लागून असलेल्या वस्त्यांत रब्बीच्या ओलिताचे पंप सुरू असताना दाब उतरतो, तेव्हा हे हमखास जाणवतं.

इन्स्टंट गिझर घेतलेल्यांची निराशा याहून मोठी असते. तीन लिटरची टाकी, ३ किलोवॅटची कॉइल, नळ उघडला की गरम पाणी. स्वयंपाकघरात भांडी घासायला उत्तम. पण १५ अंशांचं पाणी वाहतं असताना ४० अंशांवर आणायचं तर ३ किलोवॅटमध्ये मिनिटाला पावणेदोन लिटरच तापतं, म्हणजे बादली भरायला जवळजवळ बारा मिनिटं. नळ मोठा सोडला तर पाणी कोमट होणारच. तो मुंबईच्या हिवाळ्यात पुरतो, नागपूरच्या हिवाळ्यात आंघोळीला पुरत नाही. दुकानात ही गोष्ट क्वचितच कुणी सांगतं.

‘चांगलं कढत येत होतं आणि एकदम गार झालं’ ही तक्रारही गिझरच्या रचनेतून येते. थंड पाणी तळाशी शिरतं आणि तापलेलं हलकं पाणी वरच्या तोंडाने बाहेर ढकललं जातं. जुन्या तांब्याच्या काही बंबांत हीच युक्ती होती. मधल्या नळीत गोवऱ्या-काड्यांचा जाळ, भोवती पाणी, वरच्या नरसाळ्यातून तांब्याभर गार ओतलं की तोटीतून तांब्याभर कढत बाहेर येई. गरम आणि गार यांच्यातली सीमा हळूहळू वर सरकते आणि तोंडाशी पोचली की बदल अचानक जाणवतो. मात्र पहिल्या दोन-चार लिटरांतच गार येऊ लागलं, तर तळाशी पाणी सोडणारी नळी तुटली किंवा झिजली असण्याची शक्यता असते. हा यंत्राचा दोष आहे आणि तो दुरुस्त होतो.

आता पाणी कुठून येतं ते पाहू. नागपूरच्या बहुतेक घरांना पेंच आणि कन्हान इथलं पाणी नळाने मिळतं. शिवाय शहराभोवतीच्या लेआउटांमध्ये आणि जुन्या वाड्यांतही विहीर किंवा बोअर असतेच. जमिनीखाली काही मीटरवर ऋतूंचा परिणाम जवळजवळ संपतो. तिथलं पाणी गावाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या जवळ असतं, नागपुरात साधारण २६-२७ अंश. म्हणून पौषाच्या पहाटे विहिरीतून नुकत्याच शेंदलेल्या पाण्यातून वाफ निघताना दिसते आणि हाताला ते कोमट लागतं. तेच पाणी संध्याकाळी गच्चीवरच्या टाकीत चढवलं आणि रात्रभर उघड्या आकाशाखाली राहिलं, की पहाटेपर्यंत दहा-बारा अंश गमावून बसतं. बोअर असलेल्या घराने थंडीत मोटर रात्रीऐवजी पहाटे लावली, तर गिझरचं निम्मं दुखणं एक पैसा खर्च न करता कमी होतं. नळाच्याच पाण्यावर असलेल्यांनी टाकीला आणि उघड्या पाइपांना आवरण घालावं. उन्हाळ्यातही त्याचा फायदाच होतो.

पण बोअरच्या या कोमट पाण्याची एक किंमत मोजावी लागते, आणि ती जमिनीशी जोडलेली आहे. दख्खनच्या काळ्या बेसॉल्टचा विस्तार नागपूरपाशी संपतो. सीताबर्डीची टेकडी त्याच दगडाची, आणि तिथून पूर्वेला गेलं की दगड बदलतात. बेसॉल्टच्या खाली, टाकळीसारख्या भागात, लॅमेटा म्हणून ओळखले जाणारे चुनखडीयुक्त थर आहेत. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांनी नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा आपला अभ्यास १८५५ मध्ये प्रसिद्ध केला. त्या हिस्लॉपचं नाव आजही इथल्या कॉलेजला आहे. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन या दगडांतून झिरपतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. प्रयोगशाळेत न जाताही आपलं पाणी कसं आहे ते घरात कळतं. तुरीची डाळ लवकर शिजत नसेल, साबणाला फेस येत नसेल, स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळल्यावर पांढरा थर राहत असेल, तर तेच पाणी गिझरमध्येही आपलं काम करतं आहे.

हा क्षार पाणी तापल्यावरच बाहेर पडतो. विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट घट्ट होऊन सर्वांत तप्त पृष्ठभागावर, म्हणजे कॉइलवर, बसतं. पाणी जितकं जास्त तापवावं तितकं हे जास्त. क्षार साचला की वीजबिल वाढतं असं सर्रास सांगितलं जातं, पण विजेच्या गिझरबाबत ते फारसं खरं नाही. कॉइल पाण्यात बुडालेली असते, तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. खरं नुकसान वेगळं आहे. तांब्याच्या तुलनेत शंभराहून अधिक पटींनी मंद उष्णता वाहणाऱ्या त्या थराखाली कॉइल स्वतः फार तापते आणि एक दिवस तडकते. थर्मोस्टॅटच्या नळीभोवती क्षार जमला की त्याला पाण्याचं खरं तापमान कळेनासं होतं. कधी कॉइल आणि त्या नळीमध्ये क्षाराचा पूल तयार होतो, मग पाणी कोमट असतानाच दिवा विझतो. सुटे झालेले पापुद्रे तळाशी साचून टाकीतली जागाही खातात. गिझर चालू असताना आतून कडकड, फुटफुट असा आवाज येऊ लागला, तर क्षार साचला असं खुशाल समजावं.

उपाय साधा आहे, पण वेळेवर करायचा आहे. कठीण पाण्याच्या घरांनी दर एक-दोन वर्षांनी, आणि तेही दिवाळीच्या आसपास, म्हणजे थंडी पडायच्या आधी, टाकी उघडून साफ करवून घ्यावी. कॉइलवरचा थर सायट्रिक अॅसिडच्या, म्हणजे लिंबूसताच्या, द्रावणात फसफसून सुटतो. संडास-बाथरूम धुवायचं तीव्र अॅसिड मात्र कुणालाही कॉइलवर ओतू देऊ नये. क्षाराबरोबर ते धातू आणि टाकीचा आतला लेपही खातं. त्याच वेळी मॅग्नेशियमची कांडी पाहून घ्यावी. टाकीच्या पोलादाऐवजी स्वतः झिजायचं हे तिचं काम. ती संपलेली असेल आणि बदलली नाही, तर पुढची पाळी टाकीची. टाकी गळू लागली की दुरुस्ती नसते.

नागपुरात गिझर वर्षातले आठ-नऊ महिने निजलेला असतो आणि बरेचसे बिघाड त्याला घाईने उठवताना होतात. थंडीच्या पहिल्या दिवशी बटण दाबण्याआधी गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडावा आणि हवेचे फुसकारे थांबून पाण्याची सलग धार येईपर्यंत वाट पाहावी. टाकी अर्धी रिकामी असताना वीज दिली, तर उघडी पडलेली कॉइल काही मिनिटांत जळते. साचलेल्या पाण्याला कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो बहुधा मॅग्नेशियमच्या कांडीच्या सान्निध्यात वाढलेल्या जिवाणूंमुळे असतो. तेवढं पाणी वाहू द्यावं आणि पहिल्यांदा टाकी पूर्ण ६० अंशांपर्यंत तापवावी. पुढेही थर्मोस्टॅट तिथेच राहू द्यावा. त्याखाली, विशेषतः २५ ते ४५ अंशांच्या ऊबेत, लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जिवाणू वाढू शकतो. त्याच्या वर गेलं तर क्षार झपाट्याने बसतो आणि भाजण्याची भीती वाढते. ६० अंशांचं पाणीसुद्धा अंगावर सलग पाच-सहा सेकंद पडलं तर गंभीर भाजतं, आणि लहान मुलाला त्याहून लवकर. बादलीत आधी गार, मग गरम, ही आजीची शिस्त शास्त्राला धरूनच आहे.

सुरक्षा झडपेतून ठिबकणाऱ्या पाण्याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण इथे भले भले चुकतात. पाणी तापलं की फुगतं. १५ अंशांवरून ६० अंशांवर जाताना १५ लिटर पाणी सुमारे पाव लिटरने वाढतं. मागे जायची वाट एकदिशा झडपेने बंद केलेली असेल, तर ते पाव लिटर सुरक्षा झडपेतूनच बाहेर पडणार. थंडीत पाणी जास्त थंड येतं म्हणून फुगवटाही जास्त, म्हणून ठिबकही जास्त. गिझर तापत असताना ग्लासभर पाणी गळलं तर झडप आपलं काम चोख करते आहे. ते गळणं बंद व्हावं म्हणून तिथे प्लग ठोकणं किंवा टेप गुंडाळणं म्हणजे बंद टाकीतला दाब अडवून ठेवणं. थर्मोस्टॅट अडकला आणि झडपही बुजलेली असली तर टाकी फुटते. गिझर बंद असतानाही दिवसरात्र धार चालूच असेल, तर झडपेत क्षार अडकला असेल किंवा नळाचा दाब जास्त असेल. तेव्हा झडप बदलावी, बुजवू नये.

विजेबाबत एक रेघ स्पष्ट ओढून घ्यावी. २ किलोवॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर खेचतो, ३ किलोवॅटचा १३. त्याला १६ अँपिअरचा पॉवर सॉकेट, पुरेशा जाडीची तांब्याची तार आणि खरी अर्थिंग हवी. प्लगशी जळका वास येत असेल किंवा सॉकेट काळवंडला असेल, तर तिथला जोड सैल आहे. गिझर लावल्यावर गळती ओळखणारा ब्रेकर, म्हणजे आरसीसीबी, पडत असेल तर कॉइलच्या आवरणातून करंट पाण्याकडे झिरपतो आहे असं धरून चालावं. आरसीसीबी पडतो म्हणून त्याला वगळून थेट जोडणी करून देणारा माणूस घरात पुन्हा बोलावू नये. ३० मिलिअँपिअरवर तुटणारा तो ब्रेकर ओल्या अंगाच्या माणसाचा जीव वाचवतो. जादा तापमानाला तुटणारा कट-आउट एकदा पडला तर दाबून पाहावा. पुन्हा पडला तर थर्मोस्टॅट निकामी आहे, तो दाबत बसू नये. ज्यांच्याकडे बादलीत सोडायचा रॉड आहे, त्यांनी पाण्यात बोट घालून पाहण्याआधी बटण बंद करून प्लग उपसावा. दर वेळी, घाईतसुद्धा.

गॅस गिझरच्या दोन तक्रारी थंडीतच उगवतात. पहिली, ज्योत पेटून विझते. आत पाण्याच्या दाबावर हलणारा एक पडदा असतो, तो पुरेसा सरकला तरच गॅसची वाट उघडते. गच्चीवरची टाकी जेवढे मीटर वर, तेवढा दाब. दर मीटरला फक्त एक दशांश बार. सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिथे टाकी डोक्यावर दोनच मीटर आहे, तिथे तो आधीच कमी. त्यात थंडीत पाणी जास्त गरम यावं म्हणून आपण नळ बारीक करतो, प्रवाह आणखी घटतो आणि ज्योत विझते. नळ बारीक करण्याऐवजी गॅस वाढवावा, शॉवरची जाळी आणि पाण्याच्या वाटेवरची गाळणी साफ करावी, ठिणगीचे सेल बदलावे. सिलिंडर संपत आला असेल तर तेही एक कारण. एलपीजीमधला प्रोपेन आधी उडून जातो, तळाशी ब्यूटेन जास्त उरतो, आणि गार सकाळी त्याचा दाब कमी पडतो.

दुसरी गोष्ट तक्रार म्हणून कुणी सांगतच नाही, कारण सांगायला माणूस शुद्धीवर राहत नाही. गारठा आत येऊ नये म्हणून आपण बाथरूमची खिडकी लावून घेतो, झरोक्यात कागद कोंबतो. बंद जागेतला ऑक्सिजन घटला की गॅस अपुरा जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळतात. दार उघडावं हे कळेपर्यंत हात उचलण्याची ताकद उरलेली नसते. लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉनने १८६८ मध्ये गॅसवरच्या पहिल्या घरगुती गिझरचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यालाही धूर बाहेर नेणारं धुराडं नव्हतं. दीडशे वर्षांनीही देशात दर हिवाळ्यात तोच धोका माणसं मारतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत लावावा आणि पाणी पाइपने आत आणावं. ते शक्य नसेल तर विजेचा घ्यावा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर त्या दिवशी गिझर वापरू नये. आंघोळीला गेलेलं माणूस नेहमीपेक्षा जास्त वेळ बाहेर आलं नाही तर हाक मारावी, आणि उत्तर आलं नाही तर दार तोडावं.

सोलरवाल्यांची थंडीतली तक्रार एकच: मे महिन्यात बसवला तेव्हा उकळतं पाणी येत होतं, आता कोमट येतं. टाकीत येणारं पाणी थंड, हे कारण आहेच. पण दुसरं कारण सावलीत असतं. जूनमध्ये नागपूरला दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, शेजारच्या इमारतीची सावली तिच्या पायाशीच राहते. २१-२२ डिसेंबरला तोच सूर्य भर दुपारी दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो, म्हणजे प्रत्येक वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी लांब. दक्षिणेच्या प्लॉटवर तुमच्या गच्चीपेक्षा नऊ मीटर उंच इमारत उभी राहिली, तर भर दुपारीही तिची सावली नऊ मीटर उत्तरेला पडते, सकाळ-संध्याकाळी त्याहून लांब. सोलर बसवायची जागा म्हणून डिसेंबरच्या सावल्या पाहूनच ठरवावी, आणि त्याची उतरण दक्षिणेकडे, नागपूरच्या २१ अंश अक्षांशापेक्षा दहाएक अंशांनी जास्त, तीस अंशांच्या आसपास ठेवावी. पावसाळा सरल्यावर काचेवर धूळ साचत जाते, ती दर पंधरवड्याला पुसावी. गच्चीपासून बाथरूमपर्यंत २० मीटर अर्धा इंची पाइप असेल, तर त्यात साडेतीन लिटर पाणी रात्रभर गार होऊन पडलेलं असतं. ते आधी बादलीत काढून घ्यावं. काढलेलं गार पाणी नंतरच्या कढत पाण्यात मिसळायला लागतंच. आणि ज्यांना वेळेची मोकळीक आहे, त्यांनी थंडीत आंघोळ दुपारी चारच्या सुमारास करावी. सोलरचं पाणी तेव्हा सर्वांत गरम असतं.